बिळाचे दुसरे तोंड

‘काम पुरे होईपर्यंत बिळाला तोंड एकच ठेवायचे. दुसरे काढायचे नाही, आणि का काढायचे नाही ते विचारायचे नाही.’

मुलांनो, साळिंदरांच्या एका घरात हा नियम पिल्लाला नीट चालता येण्याआधीच ऐकवला जाई. मुरमाड टेकडीच्या उतारावर, करवंदीच्या जाळ्यांमागे हे घर होते आणि दुसऱ्यांना बिळे खणून देणे हा त्याचा पिढीजात धंदा होता. ज्यांना खणता येत नाही, किंवा येते पण कंटाळा येतो, असे रानातले निम्मे प्राणी या घराचे गिऱ्हाईक. मुंगसाला वळणावळणाचे बीळ हवे असे, रानमांजराला कोरडे, तर कोल्ह्याला ऐसपैस. जसे मागाल तसे मिळे. बदल्यात गिऱ्हाईक कुठून करांदे उकरून आणी, कुठून रताळी ओढून आणी. साळिंदरांच्या कोठारात कशाची वाण नव्हती.

पूर्वी साळिंदरे स्वतःच खणत. आता आजोबांचे गुडघे धरले होते आणि आत्याला धूळ सोसत नव्हती, म्हणून तिघांना कामाला ठेवले होते. घूस माती खणायची. खवले मांजर, ज्याला सगळे खवल्या म्हणत, आपल्या लांब नखांनी दगडगोटे उपसायचे. ससा मागच्या पायांनी माती लोटत लोटत बिळाच्या तोंडापर्यंत आणायचा. तोंडापाशी आजोबा काटे फुलवून बसलेले असत. सकाळी जो आत गेला, तो दिवस मावळल्यावरच बाहेर. मधे कोणी डोके काढले की आजोबा नुसते अंग हलवत. काटे खडखड वाजत आणि डोके आत जाई. बिळाला दुसरे तोंड असते तर कोण केव्हा बाहेर पडले, हे आजोबांना कसे कळले असते? म्हणून गिऱ्हाईकाने दोन तोंडांचे बीळ मागितले, तरी दुसरे तोंड अगदी शेवटी, बीळ ताब्यात देण्याच्या दिवशी काढले जाई. आजोबांच्या आजोबांनीही असेच केले होते.

या घरात एक तरुण साळू होती, आजोबांची नात. तिने लहानपणी एकदा विचारलेच होते, ‘पण का?’ आत्याने धपाटा घालायला पंजा उचलला, नातीच्या पाठीवरचे काटे पाहून तो तसाच खाली घेतला आणि म्हणाली, ‘या पोरीच्या जिभेला हाड म्हणून नाही!’ तेव्हापासून साळूने विचारणे सोडले, असे थोरांना वाटत होते. तिने फक्त मोठ्याने विचारणे सोडले होते.

त्या वर्षी आजोबांना पाणवठ्यापर्यंत चालवेना, म्हणून रानसभेला त्यांच्या जागी साळू गेली. सभेत टिटवीने सगळ्या रानाने मिळून केलेले कायदे ओरडून सांगितले. जो दुसऱ्याला कामाला लावतो त्याने कामाच्या जागी निसटायची वाट ठेवलीच पाहिजे. दुपारचा विसावा दिलाच पाहिजे. तान्ह्या पिल्लांच्या आईला पाजायला जाऊ दिले पाहिजे. कामात कुणाला इजा झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याचा मोबदल्याचा वाटा थांबवता येणार नाही, आणि कुणाला काढायचेच झाले तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. साळू धावतच घरी आली. धापा टाकत तिने सगळे आजोबांना सांगितले.

‘टिटवीचं काय घेऊन बसलीस?’ आजोबा म्हणाले. ‘ती दिवसभर ओरडतच असते.’

‘अहो आजोबा, तिच्या मनातलं नाही ते. सगळ्या रानाने ठरवलंय.’

‘ते वारुळांना, पोरी. मधमाश्यांच्या पोळ्यांना. तिथे हजारोंनी राबतात. आपलं काय? तिघंजण कामाला. एवढ्याशा धंद्याला कसले आलेत कायदे? आणि ही का परकी आहेत? आपली घरचीच मंडळी.’

ससा तिथेच माती लोटत होता. तो खाली मान घालून पुटपुटला, ‘घरचीच, म्हणून तर जेवायलासुद्धा अंधारात बसवता.’

‘काय रे?’ आजोबांनी विचारले.

‘माती जड आहे म्हटलं, आजोबा.’

साळूला हसू आले आणि लगेच स्वतःचाच राग आला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

थोड्याच दिवसांत एक कोल्हीण आली. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला घाईने बीळ हवे होते. गिऱ्हाईकाने कामावरच्या कुणाच्या अंगाला दात लावायचा नाही, ही या घराची जुनी अट होती आणि आजोबा ती कडकपणे पाळून घेत, हे खरे. तरी कोल्हीण दिसताच ससा मातीच्या ढिगामागे गेला तो गेलाच.

‘मागे एक मोठी खोली हवी, पिल्लांना लोळता येईल अशी,’ कोल्हीण म्हणाली. ‘आणि तोंडं दोन हवीत हो. एका बाजूने कुणी आलं तर दुसरीकडून पिल्लांना घेऊन पळता यायला हवं.’

‘दोन कशाला, म्हणाल तर तीन काढू!’ आजोबा हात जोडून म्हणाले. ‘बाळंतिणीच्या सोयीत आम्ही कधी काही कमी पडू देत नाही. तान्ह्या जिवाला आई किती वेळा लागते, ते आम्हाला का कळत नाही?’

घूस शेजारीच उभी होती. तिची पिल्ले अजून डोळे न उघडलेली, गुलाबी, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एका झुडपाखाली गवतात झोपलेली होती. आजोबांचे बोलणे ऐकून तिला धीर आला असावा. कोल्हीण गेल्यावर ती पुढे झाली.

‘आजोबा, मग मला पण दुपारचं जरा सोडाल का? पाजून येते. लगेच येते.’

आजोबा प्रेमाने हसले. ‘अगं, तू घरचीच आहेस. घरचं कोणी सुट्टी मागतं का? आणि काम तर बघ किती अंगावर आलंय. संध्याकाळी जाशीलच की.’

‘संध्याकाळपर्यंत ती ओरडून ओरडून गप्प होतात, आजोबा.’

‘मग बरंच आहे. गप्प झाली म्हणजे झोपली.’

साळूच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. ‘आजोबा, आत्ताच तुम्ही त्या कोल्हिणीला काय म्हणालात? तान्ह्या जिवाला आई किती वेळा लागते म्हणून! जाऊ दे ना घूसमावशीला. तेवढ्या वेळात मी खणते.’

‘तू गप्प बस,’ आत्या आतून कडाडली. ‘एकीला सोडलं की उद्या सगळे दाराशी उभे राहतील. तुझे काटे अजून मऊ आहेत, धंद्यातलं तुला काय कळतंय!’

घूस बिळात गेली. साळू बिळाच्या तोंडापर्यंत तिच्यामागून गेली.

कोल्हिणीच्या बिळाचे काम जोरात सुरू झाले. बोगदा लांब होता, म्हणून आतल्या कामावर लक्ष ठेवायला आजोबांनी साळूला नेमले. लक्ष ठेवता ठेवता साळूच खणू लागली, आणि खणता खणता तिला तिघांची ओळख झाली. खवल्याला कुणी जोराने बोलले की तो चेंडूसारखा गोळा होई आणि पुन्हा उलगडायला फार वेळ घेई. ससा चार वेळा माती लोटी आणि आठ वेळा विनोद करी. घूस मात्र कमी बोले. दुपार झाली की ती म्हणे, ‘मागच्या खोलीची भिंत जरा गुळगुळीत करते. कोल्हिणीच्या पिल्लांना टोचायला नको.’ आणि एकटीच मागे जाई. त्या भिंतीला रोज इतका वेळ का लागतो, याचे साळूला नवल वाटे. पण घूस परत येई तेव्हा तिचा चेहरा निवांत असे, आणि मग ती दुप्पट जोराने खणे. साळू तिला काही विचारत नसे.

एका दुपारी सगळे मागच्या खोलीपाशी काम करत होते. अचानक डोक्यावर धमधम असा आवाज झाला. कशाला तरी बुजून गव्यांचा एक कळप टेकडीवरून उधळत खाली निघाला होता. बिळाच्या तोंडावरचा मुरूम आधी सळसळला, मग एक मोठा धोंडा निसटला आणि पुढचा बोगदा धाडकन बसला. उजेड गेला. श्वासाबरोबर नुसती धूळ आत जाऊ लागली.

‘साळू! ए साळू!’ बाहेरून आजोबांची हाक आली, खूप लांबून आल्यासारखी. ‘अगं आत आहेस का?’ आणि पाठोपाठ आत्याचा रडका आवाज, ‘बाबा, हा धोंडा हलत नाहीये हो!’

साळूने ओरडायला तोंड उघडले आणि ते मातीने भरले. अंधारात तिने चाचपून पाहिले. ससा थरथरत होता. खवल्या गोळा होऊन पडला होता. पुढे धोंडा, वर माती, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. ती का नव्हती, हे तिला चांगले माहीत होते. ज्यांच्या पहाऱ्यासाठी ती वाट ठेवली नव्हती, ते हाका मारत बाहेर उभे होते आणि तिच्यासाठी त्यांचा जीव कासावीस झाला होता.

‘साळूताई,’ अंधारातून घुशीचा आवाज आला. ‘एक सांगू? रागावणार नाही ना?’

‘मावशी!’ ससा किंचाळला. ‘जीव चाललाय इथे, आणि तू परवानगी कसली मागतेस?’

‘नाही रे, सांगितलं तर माझं काम जाईल.’

साळूला ते ऐकून गुदमरण्यापेक्षाही वाईट वाटले. इथे, या अंधारात, हवा संपत असताना, या बाईला भीती वाटत होती ती कामाची! ‘काम जाणार नाही’ असे तिला म्हणायचे होते, पण खोकल्याची अशी उबळ आली की शब्द फुटेना.

घुशीने उत्तराची वाट पाहिली नाही. ती मागच्या भिंतीशी गेली आणि तिथला मातीचा ढीग पंजांनी बाजूला करू लागली. ढिगामागून थंड हवेची एक बारीकशी झुळूक आत आली. तिथे एक अरुंद वाट होती. घुशीने स्वतःपुरती खणलेली, थेट झुडपाखालच्या घरट्याकडे जाणारी. रोज दुपारी भिंत गुळगुळीत करायला म्हणून ती याच वाटेने पिल्लांना पाजून येत होती.

‘माझ्यापुरतीच आहे,’ घूस म्हणाली. ‘तुम्ही यात मावणार नाही. रुंद करावी लागेल.’

ती त्याच क्षणी सरळ निघून जाऊ शकली असती. पलीकडे तिची पिल्ले भुकेली होती. पण ती मागे वळली आणि अंधारातच खेकसली, ‘खवल्या! गोळा होऊन बसायची वेळ आहे का ही? उलगड! नखं कशाला दिलीत देवाने तुला?’

आणि खवल्या, ज्याला एरवी आवाज चढवला की तासभर उलगडता येत नसे, झटकन उलगडला.

मग चौघांनी मिळून ती वाट रुंद केली. घूस पुढे राहून खणत होती, साळू तिच्या मागून कडा ढासळवत होती, ससा निघालेली माती मागच्या खोलीत लोटत होता. त्याने त्या वेळी एकही विनोद केला नाही. वाट जराशी मोठी झाल्यावर ससा अंग चोरून पुढे सटकला आणि पलीकडून ओरडला, ‘आभाळ दिसतंय! या, या!’ पण साळूचे काटे छताला अडकले. ती पुढेही जाईना आणि मागेही येईना.

‘मी ढकलतो, ताई,’ मागून खवल्या हळूच म्हणाला. ‘माझ्या खवल्यांना काय होतंय तुमच्या काट्यांनी!’

खवल्याने डोके लावून ढकलले, आणि पुढून घूस वाट अडवणारा एक दगड उखडू लागली. दगड चिवट होता. ‘कट’ असा आवाज झाला. घूस कळवळली, पण थांबली नाही. दगड सुटला. साळू आपले कितीतरी काटे त्या भिंतीत सोडून एकदम बाहेर आली, ती थेट झुडपाच्या हिरव्या उजेडात. तिच्यामागोमाग खवल्या आला.

तिने डोळे उघडून पाहिले. घूस एका पायाने लंगडत आधीच घरट्याशी पोचली होती. तिच्या पुढच्या पंजाचे मधले नख मुळापासून मोडले होते आणि त्यातून रक्त येत होते. पिल्ले मात्र रक्त पाहत नव्हती. त्यांचे डोळेच अजून उघडले नव्हते. ती आंधळेपणाने तोंडे पुढे करून आईचा वास शोधत होती, आणि सापडल्यावर चुकचुक करत पिऊ लागली.

साळू शेजारी जाऊन बसली. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘तुझे आभार कसे मानू तेच कळत नाही.’

‘मग राहू द्या,’ घूस म्हणाली. ‘आधी यांचं पोट भरू दे.’

साळू हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ससा आणि खवल्या यांच्याकडे पाहिले. ससा आभाळाकडे तोंड करून उताणा पडला होता. खवल्याच्या डोक्यावरचे दोन खवले ढकलताना सरकले होते आणि तो ते पंजाने जागेवर बसवत होता. आपण श्वास घेतोय, उन्हात बसलोय, ते या तिघांमुळे, एवढाच एक विचार तिच्या मनात फिरून फिरून येत होता. तिने निर्गुडीचा पाला चावून घुशीच्या पंजावर बांधला आणि पिल्ले झोपेपर्यंत ती तिथेच थांबली.

टेकडीला वळसा घालून ती घरी आली, तेव्हा आजोबा धोंड्यापाशी बसून रडत होते. तिला पाहून त्यांनी तिला जवळ घेतले, कुठे लागले का ते पुन्हा पुन्हा पाहिले. आत्याने तिच्यावरून मूठभर माती ओवाळून टाकली. त्यांचे प्रेम खोटे नव्हते, आणि साळूलाही ते ठाऊक होते. मग आजोबांनी विचारले, ‘पण तू बाहेर कशी आलीस?’

साळूने सगळे सांगितले. तिला वाटले, आजोबा आता घुशीच्या घरी जातील. पण ऐकता ऐकता आजोबांचा चेहरा बदलत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली थोरली मंडळी करंजाखाली जमली. मधे आजोबा, शेजारी आत्या, भोवती काका आणि चुलत आजोबा. तिघे कामकरी नेहमीच्या वेळेला कामावर आले होते, पण आज त्यांना लांब, करवंदीच्या जाळीपाशी थांबायला सांगितले होते. घुशीच्या पंजाला निर्गुडीचा पाला तसाच बांधलेला होता.

‘साळू,’ आजोबा म्हणाले, ‘काल माझ्या लक्षात आलं की माझं वय झालं. आजपासून या धंद्याची गादी तुझी. तू धीट आहेस, खणतेस पण चांगली.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूला आनंद झाला, पण आजोबांचे बोलणे अजून संपले नव्हते.

‘आता गादीवरचं पहिलं काम. त्या घुशीला जाऊन सांग, उद्यापासून येऊ नकोस म्हणून.’

‘का?’ साळूने विचारले. या वेळी मोठ्याने.

‘का म्हणजे? तिने नियम मोडला. कामाच्या वेळात चोरून बाहेर जात होती. आमच्या डोळ्यांत धूळ फेकली तिने.’

‘आजोबा, त्या चोरवाटेनेच मी जिवंत बाहेर आले!’

‘ते नशिबाने झालं,’ आत्या म्हणाली. ‘त्याबद्दल तिला चांगले टोपलीभर करांदे दे, लुगडं नेसवायची पद्धत असती तर तेही दिलं असतं. आपण काही उपकार विसरणारे नाही. पण काम वेगळं आणि उपकार वेगळे. आणि मोडक्या नखाची घूस ठेवून करायचंय काय? खणणार कशी ती?’

‘नख आपल्या कामात मोडलं, आत्या.’

‘आपण का मोडायला सांगितलं होतं?’

साळूने एक मोठा श्वास घेतला. ‘तिला बोलावलंत का तुम्ही? तिचं म्हणणं विचारलंत?’

‘त्यात विचारायचं काय?’ चुलत आजोबा म्हणाले. ‘चोरी उघड आहे.’

‘कसली चोरी? पिल्लांना पाजलं ती? ते तर तिला उघडपणे, तुमच्यासमोरून, मान वर करून जाऊन करता यायला हवं होतं. सगळ्या रानाने तसं ठरवलंय. आपण ते तिला दिलं नाही, म्हणून तिला भिंत फोडावी लागली. नियम तिने नाही मोडला, आजोबा. आपण मोडला, आणि बरीच वर्षं मोडत आलो.’

‘हळू बोल,’ काका जाळीकडे पाहत म्हणाले. ‘ऐकू जाईल त्यांना.’

‘जाऊ दे!’

आजोबांनी तिला समजावणीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, ‘हे बघ बाळ. तिने तुला वाचवलं, तू हळवी झालीस. साहजिक आहे. तुला वाटतं तिचे उपकार फेडावेत—’

‘नाही, आजोबा.’ साळू उठून उभी राहिली. ‘तिचे आभार मी जन्मभर मानीन. खवल्याचे मानीन, सशाचेही मानीन. काल संध्याकाळी रताळं खाताना मला रडू आलं, इतकं ते गोड लागलं, आणि ते त्यांच्यामुळे लागलं. पण हे आभारापोटी नाही मागत मी. तिने मला वाचवलं नसतं, तरी दुपारी पिल्लांकडे जाणं हे तिचंच होतं. नख बरं होईपर्यंत घरी बसून आपला वाटा घेणं हे तिचंच आहे. आपण ते देऊन तिच्यावर मेहेरबानी करणार नाही. आपल्याकडे अडकून पडलेलं तिचं तिला परत करणार आहोत, बस.’

‘मग धंदा कसा चालायचा?’ आत्या म्हणाली. ‘आपण लहान माणसं—’

‘तीनच जीव आपल्या भरवशावर आत जातात, आत्या. तेवढ्यांची काळजी घेता येत नसेल तर लहान धंदासुद्धा आपल्याला झेपत नाही, असं म्हणा.’

आजोबांचे काटे खडखडले. ‘पुरे! आम्ही उभं आयुष्य या नियमावर काढलं. घुशीला काढणार असशील तर गादी तुझी. नसशील तर नाही. जा, सांग तिला.’

सगळे तिच्याकडे पाहत होते. लांब जाळीपाशी घूस मान खाली घालून उभी होती. पुढे काय होणार ते तिला कळलेले दिसत होते. ससा तिच्या अंगाला अंग लावून उभा होता आणि खवल्या अर्धा गोळा झाला होता.

‘मी सांगणार नाही,’ साळू म्हणाली. ‘तिला काढणार नाही, आणि दुसरं तोंड काढल्याशिवाय यापुढे एकालाही कुठल्या बिळात उतरू देणार नाही. गादी ठेवा तुमच्याकडे. मी त्यांच्यासोबत खणायला जाते.’ ती दोन पावले चालली आणि थांबून वळली. ‘आजोबा, एवढंच सांगा मला. काल आत मी नसते, नुसते हे तिघे असते, तर आज तुम्ही नियम बदलायला बसला असता, की नवे तिघे शोधायला?’

आजोबांनी आत्याकडे पाहिले. आत्याने काकांकडे पाहिले, काकांनी जमिनीकडे. साळू वळून जाळीपाशी गेली आणि त्या तिघांच्या शेजारी उभी राहिली.

तात्पर्य : जे आपल्यासाठी राबतात, त्यांना ‘घरचे’ म्हणून त्यांचे हक्क टाळता येत नाहीत. कामाच्या जागी त्यांचा जीव आणि त्यांच्या गरजा जपणे हे लहानात लहान मालकाचेही कर्तव्य आहे. त्यांचे आभार मानायचे असतील तर त्याची सुरुवात तिथूनच करावी.